गोठवलेले तयार अन्न आणि घरगुती स्वयंपाकघर : शीतसाखळीचा शेवटचा दुवा
(पनवेल परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

पनवेल हे रायगड जिल्ह्यातील जुने बाजारपेठेचे शहर होय. येथे १८५२ साली नगरपालिका स्थापन झाली आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल इत्यादी वसाहतींसह महानगरपालिका अस्तित्वात आली. १९९८ पासून हार्बर मार्गावरील उपनगरी गाडी पनवेलपर्यंत येऊ लागली आणि मुंबईत नोकरी करून पनवेलला राहणे मध्यमवर्गीय कुटुंबांना शक्य झाले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पनवेलपर्यंतचा प्रवास सव्वा तासाहून अधिक वेळाचा आहे. घरापासून स्थानक आणि स्थानकापासून कचेरी हे अंतर त्यात मिळविल्यास नोकरदार व्यक्तीचे रोजचे तीन-साडेतीन तास प्रवासातच जातात. या वेळेचा भार अर्थातच स्वयंपाकघरावर पडतो.

या पार्श्वभूमीवर किराणा दुकानातील आणि सुपरमार्केटमधील काचेच्या झाकणाची शीतपेटी लक्षात घेण्याजोगी ठरते. पूर्वी त्या पेटीत आइस्क्रीम आणि फार तर मटार असत. आज तेथे पराठे, समोसे, कटलेट, कबाब, बटाट्याचे काप, डाळ-भात किंवा बिर्याणीचे एकेरी डबे, क्वचित मोदक आणि पुरणपोळ्याही मिळतात. 'तयार अन्न' या नावाने हे पदार्थ घरी येतात. परंतु घरी आल्यावर त्यांचे नेमके काय करायचे, याविषयीचे ज्ञान मात्र त्यांच्याबरोबर येतेच असे नाही. पोळी कशी भाजावी, भाताला पाणी किती घालावे हे आई-आजीकडून शिकता येते. गोठवलेल्या कबाबाविषयी आजीजवळ सांगण्यासारखे काही नसते. परंपरेने ज्याचे शिक्षण दिलेले नाही असा हा स्वयंपाक आहे आणि त्याचा एकमेव शिक्षक म्हणजे वेष्टनावरील बारीक अक्षरांतील मजकूर होय.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१. अन्न गोठविण्यामागील तत्त्व सोप्या शब्दांत स्पष्ट करणे.
२. गोठवलेले तयार अन्न घरी शिजविताना होणाऱ्या चुकांची शास्त्रीय कारणमीमांसा करणे.
३. घरगुती स्वयंपाकघर हा शीतसाखळीचा शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित दुवा कसा आहे, हे पनवेल परिसराच्या संदर्भात मांडणे.

वाळवण ते गोठवण : तत्त्व एकच

अन्न टिकविण्याची गरज कोकणाला नवी नाही. पावसाळ्याचे चार महिने काढण्यासाठी येथे पापड, कुरडया, सांडगे, फणसाची साठे, आमसुले, सुके बोंबील आणि सुकट यांची बेगमी केली जात असे. या सर्व प्रकारांमागील तत्त्व एकच आहे. सूक्ष्मजीवांच्या वाढीसाठी पाणी आवश्यक असते. उन्हात वाळवून ते काढून टाकले किंवा मिठाने बांधून ठेवले की वाढ थांबते. गोठविण्याच्या प्रक्रियेतही हेच घडते. फरक इतकाच, की येथे पाणी पदार्थातून बाहेर जात नाही, तर पदार्थातच बर्फाच्या रूपाने बंदिस्त होते. बर्फ झालेले पाणी सूक्ष्मजीवांच्या उपयोगी पडत नाही. शिवाय कमी तापमानामुळे त्यांची जीवनक्रियाही मंदावते. साधारणपणे उणे १० अंश सेल्सिअसच्या खाली सूक्ष्मजीवांची वाढ जवळपास थांबते. व्यापारात उणे १८ अंश हे तापमान प्रमाण मानले जाते.

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात घ्यावा लागतो. वाढ थांबणे म्हणजे सूक्ष्मजीव मरणे नव्हे. गोठवणीत त्यांच्यापैकी काही नष्ट होतात, पण पुष्कळसे सुप्तावस्थेत टिकून राहतात आणि बर्फ वितळताच पुन्हा कार्यरत होतात. म्हणून गोठवणे ही निर्जंतुक करण्याची प्रक्रिया नाही. ती केवळ थांबविण्याची प्रक्रिया आहे. पदार्थ गोठण्यापूर्वी ज्या स्थितीत होता, त्याच स्थितीत तो घरी येतो.

गोठवणीचा वेगही महत्त्वाचा असतो. पदार्थ हळूहळू गोठला तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि ते पेशींच्या भित्ती फाडतात. असा पदार्थ वितळल्यावर पाणी सोडतो आणि लिबलिबीत होतो. वेगाने गोठविल्यास स्फटिक सूक्ष्म राहतात आणि पोत टिकून राहतो. अमेरिकन निसर्ग-अभ्यासक क्लॅरेन्स बर्ड्‌सआय यांनी १९१२ नंतरच्या वर्षांत लॅब्रॅडॉर येथे वास्तव्य केले. तेथील मूळ रहिवासी कडाक्याच्या थंडीत पकडलेले मासे क्षणार्धात गोठतात आणि महिन्यांनंतरही चवीला चांगले लागतात, हे त्यांनी पाहिले. त्यातूनच त्यांनी शीघ्र गोठवणीची यंत्रे विकसित केली आणि १९३० साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे अशा अन्नाची किरकोळ विक्री सुरू झाली. १९५० च्या दशकात अमेरिकेत एकाच ताटलीतील संपूर्ण गोठवलेले जेवण लोकप्रिय झाले. घरातील फ्रीझर मात्र शीघ्र गोठवणीचे यंत्र नसून केवळ साठवणीचे साधन आहे. म्हणूनच एकदा वितळलेले पाकीट घरी पुन्हा गोठविले तर ते पूर्वीसारखे होत नाही.

आपल्या समाजात गोठवलेल्या अन्नाला सरसकट 'शिळे' म्हटले जाते. हा शब्द येथे नेमका लागू पडत नाही. शिळ्या अन्नात बदल होत राहतात. योग्य रीतीने गोठवलेल्या अन्नात ते बव्हंशी थांबलेले असतात. परंतु हे 'योग्य रीतीने' अखेरपर्यंत पाळले गेले नाही, तर गोठवलेले अन्न शिळ्यापेक्षाही फसवे ठरते, कारण त्याच्या रूपावरून काहीच ओळखू येत नाही.

पनवेल : शीतसाखळीची दोन टोके

उत्पादनापासून ग्राहकापर्यंत पदार्थ अखंडपणे थंड ठेवणाऱ्या व्यवस्थेस शीतसाखळी म्हणतात. या साखळीची दोन्ही टोके पनवेल परिसरात पाहावयास मिळतात. पनवेल तालुक्यातील तळोजा औद्योगिक वसाहतीत मत्स्यप्रक्रिया करणारे कारखाने आणि शीतगृहे आहेत. शेजारच्या उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. गोठवलेली मासळी येथून शीत-कंटेनरांतून परदेशी जाते. निर्यातीच्या या प्रवासात तापमानाची नोंद ठेवली जाते आणि ते ढळल्यास माल नाकारला जाऊ शकतो.

दुसरे टोक म्हणजे शहरातील घर. येथे तापमापक नाही, नोंद नाही आणि माल नाकारणारा तपासनीसही नाही. दुकानाच्या शीतपेटीतून उचललेले पाकीट प्रथम फळे-भाज्या-साबण यांच्याबरोबर टोपलीत पडते, मग पैसे देण्याच्या रांगेत उभे राहते आणि त्यानंतर रिक्षाने किंवा दुचाकीच्या हुकाला लटकून घरी पोहोचते. मे महिन्यातील दुपारी एवढ्या अवधीत पाकिटाचा बाहेरील थर वितळू लागतो. घरी फ्रीझरमध्ये ठेवल्यावर तो पुन्हा, पण हळूहळू, गोठतो. पाकिटात तळाशी बर्फाचा गठ्ठा जमलेला असणे किंवा सुटे असावयास हवेत असे मटार एकमेकांना चिकटलेले असणे, ही अशा वितळण्याची खूण होय. यावर उपाय साधे आहेत : खरेदीत गोठवलेला माल सर्वांत शेवटी घेणे, सर्व पाकिटे एकत्र जवळजवळ ठेवणे, शक्य तर अस्तर असलेली पिशवी वापरणे आणि वाटेत दुसरे काम न काढता घर गाठणे.

शिजलेले, अर्धे शिजलेले की कच्चे?

'तयार' हा शब्द संदिग्ध आहे. शीतपेटीतील पदार्थांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात पूर्ण शिजवून गोठवलेले पदार्थ येतात. डाळ, रस्सा, बिर्याणी यांचे डबे या वर्गातील असून ते फक्त नीट तापवावयाचे असतात. दुसऱ्या वर्गात अर्धवट शिजलेले किंवा केवळ बाहेरून तळलेले पदार्थ येतात. समोसे, कटलेट, बटाट्याचे काप आणि काही कबाब हे या वर्गात मोडतात. तिसरा वर्ग कच्च्या पदार्थांचा होय. मासळीचे तुकडे, कच्चे मांस आणि भाज्या. मटार व मका गोठविण्यापूर्वी गरम पाण्यातून किंवा वाफेतून काढतात, पण तो विकरे निष्क्रिय करून रंग व चव टिकविण्यासाठी. त्या प्रक्रियेने भाजी शिजत नाही.

खरा धोका दुसऱ्या वर्गात आहे. कारखान्यात बाहेरून तळलेला चिकनचा पदार्थ सोनेरी दिसतो, म्हणून तो शिजलेला आहे असा समज होतो; प्रत्यक्षात आतील मांस कच्चे असू शकते. आपल्याकडे रंग ही शिजल्याची खूण मानली जाते. भजी लाल झाली की काढायची, हा अनुभव ताज्या पिठाच्या भज्यांबाबत खरा आहे. आधीच रंग दिलेल्या आणि आतून गोठलेल्या पदार्थाबाबत तो दिशाभूल करतो.

या गैरसमजाची किंमत इतर देशांनी मोजली आहे. २००७ साली अमेरिकेत गोठवलेल्या मांसयुक्त पाय या पदार्थातून साल्मोनेला जंतूंचा प्रादुर्भाव झाला आणि चारशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली. चौकशीत असे दिसून आले, की हा पदार्थ बहुतेकांनी मायक्रोवेव्हमध्ये तापविला होता. वेष्टनावरील सूचना यंत्राच्या वॉट-क्षमतेनुसार भिन्न होत्या आणि आपले यंत्र किती वॉटचे आहे हे अनेकांना ठाऊक नव्हते. २०१५ ते २०१८ या काळात युरोपातील पाच देशांत लिस्टेरिया जंतूंची बाधा होऊन ४७ जण आजारी पडले आणि त्यांपैकी ९ जण दगावले. तिचे मूळ गोठवलेल्या मक्याच्या दाण्यांत आढळले. शिजविण्यासाठी असलेले असे दाणे वितळवून तसेच कोशिंबिरीत मिसळले जातात, ही सवय अशा वेळी घातक ठरते. लिस्टेरिया हा फ्रीजच्या थंडाव्यातही वाढू शकणारा जंतू आहे. आपल्या घरांतही मक्याचे दाणे थेट भेळेत किंवा कोशिंबिरीत टाकण्याची पद्धत रूढ होत आहे, म्हणून या उदाहरणाचे महत्त्व विशेष आहे.

'तयार' म्हणजे काय, हा प्रश्न भारतात करव्यवस्थेसमोरही उभा राहिला होता. २०२० साली कर्नाटकातील अग्रिम अधिनिर्णय प्राधिकरणाने असा निर्णय दिला, की वेष्टनातील परोटा खाण्यापूर्वी गरम करावा लागतो, म्हणून तो पोळीच्या सवलतीच्या वर्गात बसत नाही. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून पराठ्यासह भारतीय पोळी-रोटीच्या प्रकारांवरील हा कर शून्यावर आणण्यात आला. करापुरता वाद मिटला. परंतु त्या वादाच्या मुळाशी असलेला मुद्दा, म्हणजे स्वयंपाकाची शेवटची पायरी ग्राहकाच्या घरीच पूर्ण व्हायची असते, हा कायमच आहे.

उष्णतेचा हिशेब

गोठवलेले अन्न बाहेरून कढत आणि आतून थंड का राहते, याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास सुमारे ४.१८ ज्यूल उष्णता लागते. त्याच एक ग्रॅम बर्फाचे, तापमान मुळीच न वाढता, पाणी होण्यास मात्र ३३४ ज्यूल लागतात. म्हणजे जेवढ्या उष्णतेत शून्य अंशाचे पाणी ८० अंशांपर्यंत तापते, तेवढी उष्णता बर्फ नुसता वितळण्यातच खर्च होते.

उदाहरणादाखल ४०० ग्रॅमच्या एका डब्यात ३०० ग्रॅम पाणी आहे असे गृहीत धरू. उणे १८ अंशांपासून शून्यापर्यंत येण्यास सुमारे ११ किलोज्यूल, वितळण्यास सुमारे १०० किलोज्यूल आणि शून्यापासून ७५ अंशांपर्यंत तापण्यास सुमारे ९४ किलोज्यूल उष्णता लागेल. एकूण २०५ किलोज्यूलांपैकी निम्म्याहून अधिक उष्णता तापमान शून्याच्या वर सरकण्यापूर्वीच खर्ची पडते. ८०० वॉटची सर्व शक्ती पदार्थात उतरली असे मानले तरी यास सव्वाचार मिनिटे लागतील; ६०० वॉटला पावणेसहा मिनिटे. प्रत्यक्षात वेळ याहून अधिकच लागतो. वेष्टनावर ८०० वॉटसाठी दिलेला वेळ कमी क्षमतेच्या यंत्रास जसाच्या तसा लावल्यास अन्न कच्चे राहते, ते यामुळेच.

मायक्रोवेव्हची आणखी एक अडचण आहे. त्यातील लहरी द्रवरूप पाण्यात चांगल्या शोषल्या जातात, बर्फात मात्र फारच कमी. त्यामुळे डब्याचा जो भाग आधी वितळतो, तोच अधिकाधिक तापत जातो आणि शेजारचा बर्फ तसाच राहतो. कडेचा भात उकळत असताना मधला गोळा थंड असतो तो याच कारणाने. मध्येच एकदा ढवळावे आणि बंद केल्यावर दोन-तीन मिनिटे तसेच ठेवावे, या सूचना औपचारिक नव्हेत. त्या अवधीत उष्णता कडेकडून मध्याकडे सरकते. ती शिजविण्याच्या प्रक्रियेचाच भाग असते.

वितळविण्याच्या पद्धतीलाही असाच आधार आहे. बर्फातून उष्णता पाण्याच्या मानाने सुमारे चौपट सहज वाहते. पदार्थ वितळू लागला की बाहेर पाण्याचा थर तयार होतो आणि तो आतील बर्फाला उष्णतेपासून वाचवितो. म्हणूनच तेवढ्याच तापमानफरकात पदार्थ गोठण्यापेक्षा वितळण्यास अधिक वेळ घेतो. ओट्यावर सकाळी काढून ठेवलेल्या मासळीचा गाभा दुपारीही कडक असतो. पण बाहेरचा थर मात्र तासन्‌तास ५ ते ६० अंशांच्या दरम्यान, म्हणजे जंतूंच्या वाढीस अनुकूल अशा पट्ट्यात राहतो. उन्हात ठेवणे तर याहूनही वाईट. रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात खोलगट भांड्यात ठेवणे ही सर्वांत सुरक्षित रीत होय. भांड्यामुळे सुटलेले पाणी इतर अन्नावर गळत नाही.

साधनानुसार कृती

तवा : गोठवलेला पराठा वितळवू नये. वितळला की तो चिकट होतो, फाटतो आणि मधला कागद त्याला चिकटतो. मध्यम तापलेल्या तव्यावर तो थेट टाकावा, प्रथम दोन्ही बाजूंनी कोरडा भाजावा आणि नंतरच तेल किंवा तूप सोडावे. मोठ्या आचेवर तो बाहेरून करपतो, आतील पापुद्रे मात्र कच्चेच राहतात.

कढई : समोसे, कटलेट यांवरील बर्फाचा भुरका झटकून टाकावा, अन्यथा तेल अंगावर उडते. एकाच वेळी पुष्कळ नग टाकल्यास तेलाचे तापमान एकदम उतरते आणि पदार्थ तेल पितात. म्हणून दोन-चारच टाकावेत. तेल धुरावण्याइतके तापवू नये. आच मध्यम ठेवावी. पहिल्या घाण्यातील एक नग मधोमध फोडून पाहावा. आतून वाफ आली नाही, तर रंग कितीही चांगला असला तरी तो तयार नाही. हाच नियम हवेवर तळणाऱ्या यंत्रालाही लागू आहे. चिकन किंवा मटणाच्या पदार्थांबाबत अन्नासाठीचा तापमापक वापरणे श्रेयस्कर. गाभ्याचे तापमान किमान ७५ अंश झाले पाहिजे.

वाफ : गोठवलेले उकडीचे मोदक न वितळविता उकळी आलेल्या पाण्यावरील मोदकपात्रात ठेवावेत. ओट्यावर वितळल्यास हवेतील बाष्प त्यांवर जमून पारी चिकट होते आणि फुटते. परदेशातील मराठी कुटुंबे गणेशोत्सवात गोठवलेल्या खोबऱ्याचा कीस वापरतात. तो मात्र आधी वितळवून पाणी निथळून घ्यावा लागतो, नाहीतर सारण सैल होते.

पातेले : डाळ, रस्सा आणि पुलाव रात्रभर फ्रीजमध्ये वितळू द्यावेत. नंतर थोडे पाणी शिंपडून, झाकण ठेवून, मंद आचेवर अधूनमधून ढवळत पूर्ण वाफ येईपर्यंत तापवावेत. एकदा तापविलेला भात बाहेर ठेवून पुन्हा तापविणे टाळावे. भातात उष्णतेला दाद न देणारे काही जंतूंचे बीजाणू असतात; सामान्य तापमानात त्यांची वाढ होऊन तयार होणारे विष पुन्हा तापविल्यानेही नष्ट होत नाही.

वीजपुरवठा, फ्रीज आणि तारे

वाळवणाला वीज लागत नसे. गोठवणीला ती अखंड लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा जिल्ह्यातील अनेक गावे कित्येक दिवस विजेविना राहिली. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला पारेषण यंत्रणेतील बिघाडामुळे मुंबई, ठाणे व नवी मुंबई परिसरातील वीज काही तास गेली. अशा प्रसंगी घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : फ्रीझरमधील अन्न खावे की टाकावे?

सर्वसाधारण नियम असा, की दार न उघडल्यास भरलेला स्वतंत्र फ्रीझर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास थंडावा टिकवितो. फ्रीजच्या लहानशा कप्प्याला मात्र हा भरवसा देता येत नाही. वीज आल्यावर पदार्थात बर्फाचे कण शिल्लक असतील आणि तो स्पर्शाला फ्रीजइतका थंड असेल, तर तो शिजवून वापरता येतो किंवा पुन्हा गोठविता येतो, जरी पोत बिघडला तरी. पूर्ण वितळून कोमट झालेले मांस, मासळी किंवा शिजवलेले अन्न टाकून देणेच योग्य. घर बंद ठेवून गावी जाणाऱ्यांसाठी एक सोपी युक्ती उपयुक्त आहे. वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवावे. परतल्यावर नाणे वाटीच्या तळाशी बर्फात रुतलेले आढळले, तर मधल्या काळात सारे वितळून पुन्हा गोठले होते, हे निश्चित समजावे.

फ्रीजवरील ताऱ्यांबाबतही घोटाळा आढळतो. दारावर चिकटवलेले ऊर्जाबचतीचे तारे वीज किती लागते ते सांगतात. आतील तापमान सांगत नाहीत. गोठवण कप्प्याची वेगळी तारांकन पद्धत आहे. तीत एक तारा उणे ६, दोन तारे उणे १२ आणि तीन तारे उणे १८ अंश दर्शवितात. अनेक एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात उणे १८ अंश राखले जातीलच असे नाही. वेष्टनावरील 'नऊ महिने' किंवा 'बारा महिने' ही मुदत मात्र उणे १८ अंश गृहीत धरूनच दिलेली असते. अशा घरांत पाकिटे आठवड्याभरातच संपविणे शहाणपणाचे ठरते.

वेष्टनाची भाषा आणि घरातील श्रमविभागणी

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या कालवापर सर्वेक्षणानुसार भारतात घरगुती विनामोबदला कामांत सहभागी असलेल्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे खर्च करतात. गोठवलेल्या तयार अन्नाचे खरे सामाजिक मूल्य येथे आहे. ज्या पदार्थाची चिराचिरी, वाटण आणि मळणी आधीच झाली आहे, त्याची शेवटची पायरी घरातील कोणीही पूर्ण करू शकते. त्यासाठी वर्षांचा अनुभव लागत नाही. लागते ती सूचना वाचून समजून घेण्याची क्षमता.

नेमकी येथेच अडचण येते. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील नियमांनुसार वेष्टनावरील आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असणे पुरेसे असते. अन्य भाषेचा जादा वापर करण्यास मुभा आहे, सक्ती नाही. परिणामी शिजविण्याच्या सूचना पुष्कळदा बारीक इंग्रजी अक्षरांतच असतात. पाकीट विकत घेणारी, इंग्रजी वाचणारी सून किंवा मुलगा सकाळी सातच्या गाडीने मुंबईला जातो. दुपारी शाळेतून आलेल्या नातवंडांसाठी ते पाकीट उघडणारी व्यक्ती असते आजी, किंवा घरकामास येणाऱ्या मावशी. शीतसाखळीचा सगळा भार शेवटच्या अर्ध्या तासात ज्यांच्या हाती येतो, त्यांच्यासाठीच ती सूचना अवाच्य असते. या परिस्थितीत आजी आपल्या अनुभवाचा आधार घेते : रंग आला की काढते, वितळावे म्हणून ओट्यावर ठेवते, उरलेले पुन्हा बर्फात घालते. ताज्या अन्नाच्या संदर्भात यांपैकी काही सवयी शहाणपणाच्या आहेत. येथे त्याच अपायकारक ठरू शकतात. दोष आजीचा नाही. तिच्यापर्यंत ज्ञान पोहोचविले गेले नाही, हा दोष व्यवस्थेचा आहे.

वेष्टनावर आणखीही काही वाचावयाचे असते. तयार पदार्थांत मिठाचे प्रमाण बरेच असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची शिफारस केली आहे. त्यात २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम येते. वेष्टनावरील सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मीठ किती ते कळते. रक्तदाबाचा रुग्ण घरात असल्यास हा हिशेब अवश्य करावा. नुसत्या मटारचे पाकीट आणि मसालेदार कबाबाचे पाकीट एकाच शीतपेटीत असले, तरी आहारदृष्ट्या त्यांची जातकुळी एक नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. गोठवलेले तयार अन्न हे स्वभावतः शिळे वा अपायकारक नाही. परंतु ते पूर्णतः तयारही नाही. त्याची सुरक्षितता कारखाना, वाहतूक, दुकान आणि घर या चारही टप्प्यांवर अवलंबून असते. पहिल्या तीन टप्प्यांवर यंत्रे आणि नियम आहेत. चौथ्या टप्प्यावर केवळ माणूस आणि त्याची समज आहे. रंगाऐवजी गाभ्यातील उष्णता पाहणे, ओट्याऐवजी फ्रीजमध्ये वितळविणे, आपल्या यंत्राची वॉट-क्षमता ओळखणे आणि वीज गेल्यानंतर दार न उघडणे, एवढ्या चार सवयी लागल्या तरी बरेचसे धोके टळतात.

या बाबतीत महाविद्यालयांना करण्यासारखे काम आहे आणि ते एका विषयाच्या चौकटीत मावणारे नाही. वितळणाऱ्या डब्यातील तापमानाची नोंद हा पदार्थविज्ञानाचा सोपा प्रयोग होऊ शकतो. सूक्ष्मजीवशास्त्र आणि गृहविज्ञान विभागांना घरगुती साठवणीचे प्रात्यक्षिक दाखविता येईल. मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांनी वेष्टनांवरील सूचना मोठ्या अक्षरांत, घरगुती मराठीत उतरवून राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून वसाहतींमध्ये पोहोचविल्या, तर व्यावहारिक मराठीच्या अभ्यासाला त्याहून उचित विषय क्वचितच सापडेल. फ्रीजच्या दारावर चिकटवता येईल असे एक पानी मराठी सूचनापत्रक ही त्याची सुरुवात ठरू शकते. ते आजीला चष्म्याविना वाचता आले पाहिजे, एवढीच त्याची कसोटी असावी.